ऑपरेशनची भीती आणि कानातलं गाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूल तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, “मॅडम, दुखणार नाही ना?” त्याचं उत्तर सोपं असतं. दुसरा प्रश्न मनात असूनही बहुतेक जण विचारत नाहीत: “आत गेल्यावर घाबरलो तर?” मी गेली १८ वर्षं भूल देते आहे. या दुसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे जे उपाय आहेत, त्यांतला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या आवडीचं गाणं. रुग्ण आणि नातेवाईक त्याबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

गाणं ऐकून ऑपरेशनची भीती खरंच कमी होते का?

होते. आणि हे मी केवळ स्वतःच्या अनुभवावरून सांगत नाही. कॉक्रन ही वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या २०१३ च्या आढाव्यात ऑपरेशनआधी संगीत ऐकवण्याच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत २,०५१ रुग्ण होते. चिंता मोजायला एक प्रश्नावली वापरतात, तिचे गुण २० ते ८० असतात. संगीत ऐकलेल्यांचे गुण इतरांपेक्षा सरासरी ५.७ ने कमी आले. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याहून मोठा आढावा आला: ७३ चाचण्या आणि सुमारे ७,००० रुग्ण. त्यात ऑपरेशननंतरचं दुखणं, चिंता आणि वेदनाशामक औषधांची गरज, तिन्ही कमी झालेली दिसली. हॉस्पिटलमधला मुक्काम मात्र कमी झाला नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

या अभ्यासांची एक अडचण आहे. गोळी असेल तर कुणाला खरी दिली आणि कुणाला साखरेची, हे लपवता येतं. कानात गाणं वाजतंय की नाही, हे ऐकणाऱ्यापासून लपवता येत नाही. त्यामुळे फायद्याचे आकडे थोडे फुगलेले असू शकतात. तरीही इतक्या देशांत, इतक्या वेगवेगळ्या ऑपरेशनांत निकाल एकाच बाजूला झुकतात आणि अपाय जवळजवळ शून्य. माझ्या हाताशी असलेल्या किती औषधांबद्दल मी असं म्हणू शकेन?

भीती नेमकी कशाची असते? गाणं तिथे काय करतं?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काय घडतं ते आठवा. रात्रीपासून पोटात अन्न नाही. अंगावर मागून नाडी बांधायचा हिरवा गाऊन. सिस्टर येऊन मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, करदोटा, चष्मा, कवळी असं एकेक उतरवून नातेवाइकांच्या हातात देतात. मग ट्रॉली निघते, छतावरचे दिवे एकामागून एक सरकत जातात आणि एका दारापाशी घरचं माणूस मागे राहतं. आपलं म्हणावं असं काहीच जवळ उरत नाही. आधीच्या रुग्णाला वेळ लागला, तर अशा अवस्थेत ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, अर्धा-पाऊण तास पडून राहावं लागतं. चष्मा नसल्यामुळे दिसत काही नाही, आणि कान मात्र सगळं टिपत असतात. ट्रेवर पडलेली कात्री, आतला फोन, कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं. माझ्या मते ऑपरेशनची अर्धी भीती कानातून आत येते.

घाबरल्यावर शरीर अ‍ॅड्रेनलीन सोडतं. नाडी पळते, बीपी चढतं, हात गार पडतात, शीर सापडेनाशी होते आणि मग सलाईनसाठी दोनदा टोचावं लागतं. त्यानं भीती आणखी वाढते. ओळखीचं गाणं सुरू झालं की या साखळीत खंड पडतो. लक्ष एका जागी बसतं. संथ लयीबरोबर श्वास सावकाश होतो आणि श्वास सावकाश झाला की नाडी उतरते. पुढची ओळ कोणती हे मनाला आधीच माहीत असतं. जिथे पुढच्या क्षणी काय होणार हे काहीच ठाऊक नाही, तिथे एवढी एक गोष्ट ठाऊक असणं फार मोठं असतं.

हे नवीन फॅड आहे का?

नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले शल्यचिकित्सक इव्हान ओनील केन यांनी १९१४ सालीच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ लावण्याबद्दल लिहिलं होतं. याच केन यांनी पुढे १९२१ मध्ये स्थानिक भूल घेऊन स्वतःचंच अपेंडिक्स काढलं, म्हणजे टेबलावर पडून राहणं काय असतं हे त्यांना दोन्ही बाजूंनी कळलं होतं. त्याही आधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं की फुंकवाद्यं, माणसाचा आवाज आणि सलग स्वर देणारी तंतुवाद्यं आजाऱ्याला बरी वाटतात. पियानोसारख्या तुटक स्वरांच्या वाद्याचा परिणाम उलटा होतो. बासरी किंवा सारंगी ऐकवताना मला हे नेहमी आठवतं.

मला पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल देणार आहेत. म्हणजे मला सगळं ऐकू येईल?

येईल. दुखणार नाही, पण ऐकू येईल, आणि ही गोष्ट आधी स्पष्ट सांगितली पाहिजे. या भुलेत, म्हणजे स्पायनलमध्ये, कंबर आणि पाय बधिर होतात, माणूस जागा असतो. हर्निया, मूळव्याध, गर्भाशय काढणं, पायाचं फ्रॅक्चर, सिझर, गुडघ्याचा सांधा बदलणं अशी कितीतरी ऑपरेशनं अशाच भुलेखाली होतात.

गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये हाड कापायची विजेची करवत असते आणि सांधा बसवताना हातोडीचे ठोके पडतात. दुखत नसलं तरी ठोका अंगात जाणवतो, कारण टेबलच हलतं. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका आठवतात. इंजेक्शन देईपर्यंत छान गप्पा मारत होते. करवत सुरू झाली आणि त्यांनी माझं मनगट असं धरलं की माझ्या घड्याळाचा वळ उठला. नाडी ११८. मी विचारलं, “काका, गाणं लावू? कुठलं लावू?” ते म्हणाले, “भजन लावा. आमच्या गावात एकादशीला होतं तसलं. टाळ पाहिजेत.” टाळ-मृदंगाचं भजन लावलं, हेडफोन कानावर चढवला. दुसऱ्या अभंगापर्यंत पकड सुटली होती आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर ठेका धरत होती. नाडी ८८. हातोडी चालूच होती.

त्यांना गुंगीचं औषध देता आलं असतं का? आलं असतं. पण वय ७२ आणि बिडीची जुनी सवय. अशा छातीला गुंगीचं औषध जितकं कमी द्यावं लागेल तितकं बरं.

पूर्ण भूल दिल्यावर ऐकू येतं का? मग गाण्याचा काय उपयोग?

हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. पूर्ण भुलेत तुम्हाला गाणं ‘ऐकल्याचं’ आठवत नाही. पण कानातून मेंदूच्या तळापर्यंत जाणारा मार्ग भूल पूर्ण बंद करत नाही. आवाजाला मेंदूच्या खालच्या भागाचा प्रतिसाद भुलेतही मोजता येतो. त्या आवाजाचं पुढे काय होतं, हा अभ्यासाचा विषय आहे.

जर्मनीत ३८५ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०२० मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. पूर्ण भुलेत असताना रुग्णांच्या कानात शांत संगीत आणि त्याबरोबर धीराची वाक्यं ऐकवली. दुसऱ्या गटाच्या कानात इयरफोन होते, पण आवाज नव्हता. जागं झाल्यावर पहिल्या २४ तासांत ऐकवलेल्या गटाला दुखणं कमी होतं आणि मॉर्फिनसारखी औषधंही कमी लागली. आपल्याकडे दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या ऑपरेशनात ५६ रुग्णांवर असाच अभ्यास झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत ऐकवलेल्यांना प्रोपोफॉल हे भुलेचं औषध कमी लागलं. ५६ ही संख्या लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण दिशा तीच दिसते.

इथेच अनेकांच्या मनातली आणखी एक भीती असते: “मधेच जाग आली तर?” ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची फार मोठी पाहणी झाली आणि २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. पूर्ण भुलेत जाग आल्याची तक्रार साधारण १९,००० भुलांमागे १ अशी निघाली. म्हणजे फार क्वचित.

मी स्वतः पूर्ण भुलेतही भूल चढतानाची आणि उतरतानाची वेळ गाण्यासाठी सगळ्यांत मोलाची मानते. झोप लागताना ऐकणं सगळ्यांत शेवटी जातं आणि शुद्धीवर येताना बहुधा सगळ्यांत आधी परततं. त्या दोन-चार मिनिटांत ओटीत काय बोललं जातं, याबद्दल मी फार काटेकोर आहे.

सिझरच्या वेळी गाणं लावू देतात का?

आमच्याकडे लावतो, आणि सगळ्यांत जास्त समाधान मला इथेच मिळतं. सिझरमध्ये बाळ बाहेर येईपर्यंत गुंगीचं औषध शक्यतो देत नाही, कारण ते आईतून बाळापर्यंत पोहोचतं. म्हणजे घाबरलेल्या आईला द्यायला माझ्या हातात औषध नसतं. असतं ते बोलणं, हात धरणं आणि गाणं.

पहिलटकरीण असेल तर पडद्यापलीकडची ओढाताण फार जाणवते. दुखत नाही, पण पोटात कुणीतरी हात घालून काहीतरी शोधतंय असं वाटतं. त्या पाच-सात मिनिटांत कानात ओळखीचा आवाज असला तर फरक पडतो. एका मुलीनं आईच्या आवाजातल्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून आणल्या होत्या. आई दाराबाहेर बसलेली आणि तिचा आवाज आत. मधे मधे मागून कुकरची शिट्टी, कुणीतरी हाक मारलेली, असं सगळं त्यात आलं होतं. आम्ही ते तसंच लावलं.

एक नियम मात्र मी कधी मोडत नाही. सर्जन म्हणाले “बाळ येतंय”, की लगेच हेडफोन काढायचा. बाळाचं पहिलं रडणं आईनं मोकळ्या कानांनी ऐकलं पाहिजे. सुरुवातीच्या काळात एकदा माझ्याकडून हे राहून गेलं. बीपी उतरलं होतं, मी औषध भरत होते, आणि गाण्याच्या आवाजात त्या बाईंना पहिला टाहो ऐकूच आला नाही. बाळ टॉवेलमध्ये गुंडाळून जवळ आणल्यावर त्यांनी विचारलं, “रडलं का?” तो प्रश्न मी विसरलेली नाही. तेव्हापासून हेडफोन काढायचं काम एका सिस्टरला नेमून दिलेलं असतं.

कोणतं संगीत चांगलं? अमुक राग बीपीवर, तमुक राग झोपेवर असं वाचलं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रागांचे तक्ते मलाही येतात. राग आणि आजार यांची अशी जोडी लावता येईल, असा भरवशाचा पुरावा नाही. दरबारी मला प्राणाहून प्रिय आहे, पण ज्यानं आयुष्यात शास्त्रीय संगीत ऐकलेलं नाही, त्याला टेबलावर दरबारी ऐकवून शांत वाटेल असं मी म्हणणार नाही. त्याला कदाचित ते रडकं वाटेल.

अभ्यासांमध्ये साधारणपणे मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांची संथ लय, एकदम चढ-उतार नसलेलं आणि हळू आवाजातलं संगीत वापरतात. निवड तुमची स्वतःचीच असली पाहिजे का, यावर पुरावा तितका ठाम नाही. ‘लॅन्सेट’च्या आढाव्यात निवड कुणाची यानं फार फरक पडलेला दिसला नाही. इथे मात्र मी माझ्या अनुभवाची बाजू घेते. वर सांगितलेल्या खोलीत तुमच्याकडून सगळं काढून घेतलेलं असतं. “कुठलं गाणं लावू?” हा त्या दिवसातला बहुधा पहिला प्रश्न असतो ज्याचं उत्तर तुमच्या मर्जीनं ठरतं.

शब्द असलेलं की नसलेलं, यावरही वाद घालण्यात अर्थ नाही. हरिपाठ तोंडपाठ असलेल्या आजींना शब्दच आधार देतात. रोज ऑफिसात बोलून थकलेल्या माणसाला नुसती बासरी हवी असते.

मला लावणी आवडते, पण डॉक्टरांसमोर सांगायला लाज वाटते.

सांगा. बिनधास्त सांगा. लावणी, नाट्यगीत, भावगीत, जुनी हिंदी गाणी, भीमगीतं, कव्वाली, कोळीगीतं, चर्चमधली कोकणी गाणी, गोंधळ, कुराणपठण, बुद्धवंदना, हे सगळं आमच्या ओटीत वाजलेलं आहे. एका शिक्षकांनी क्रिकेटच्या जुन्या सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन लावायला सांगितलं होतं, तेही लावलं. भीती ज्यानं कमी होईल ते तुमचं संगीत. देवाचंच काहीतरी सांगायला हवं असं समजून अभंग मागणारी आणि पाच मिनिटांनी “बदलता का?” म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत.

मग भीतीची गोळी किंवा इंजेक्शन घ्यायलाच नको ना?

तसं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १५७ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताची किंवा पायाची नस बधिर करायच्या आधी अर्ध्या रुग्णांना मिडाझोलाम हे भीती घालवणारं इंजेक्शन दिलं, अर्ध्यांना हेडफोनमधून शांत संगीत ऐकवलं. चिंता दोन्ही गटांत जवळपास सारखीच उतरली. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: समाधान मात्र इंजेक्शनवाल्यांना जास्त होतं. संगीत संशोधकांनीच ठरवलेलं होतं, रुग्णांनी निवडलेलं नव्हतं. आणि बाहेरचा आवाज बंद करणाऱ्या हेडफोनमुळे डॉक्टर-रुग्ण बोलणं अवघड झालं होतं. या दोन चुका टाळणं आपल्या हातात आहे.

मिडाझोलाम उत्तम औषध आहे, मी रोज वापरते. पण त्यानं श्वास मंदावू शकतो, म्हाताऱ्या माणसांना गोंधळल्यासारखं होतं आणि गुंगी नंतरही रेंगाळते. गाण्यानं काम भागलं तर इंजेक्शन वाचलं, अर्ध्यावर आलं तर डोस कमी झाला. ज्यांना भीतीचे झटके येतात किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत, त्यांनी गाण्याच्या भरवशावर आपली गोळी बंद करू नये. ते भूल तपासणीतच सांगावं. आणि गाणं लावलं म्हणून उपाशी राहण्याचा नियम सुटत नाही, हेही सांगून ठेवते. विचारलं गेलंय, म्हणून लिहिलं.

घरून काय तयारी करून यायची?

आदल्या रात्री अर्धा तास काढा. दीड-दोन तासांची गाणी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा; ओटीच्या भिंतीत अनेकदा नेटवर्क नसतं. ऑनलाइन लावू नका. एकदा भर ऑपरेशनात शांत बासरी थांबून गृहकर्जाची जाहिरात मोठ्यानं सुरू झाली आणि टेबलावरचे काका दचकून हलले. हर्नियाचं ऑपरेशन होतं, नुकसान काही झालं नाही, पण तो क्षण डोळ्यांसमोरून जात नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर गावाकडून काळजीचे फोन नेमके तेव्हाच येतात.

कानावर बसणारा साधा हेडफोन सगळ्यांत चांगला. आत घुसवायचे इयरफोन चालतील, पण स्वतःचेच आणा. हॉस्पिटलचा हेडफोन असेल तर तो प्रत्येक रुग्णानंतर पुसलेला आणि नवीन आवरण घातलेला असला पाहिजे. तसं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चार्जिंगला लावलेला फोन रुग्णाच्या अंगाला जोडलेला आम्हाला चालत नाही, म्हणून बॅटरी भरून आणा. फोनवर नाव लिहून चिकटपट्टी लावा आणि लॉक काढून ठेवा. दर गाण्याला सिस्टरनं पासवर्ड विचारायला येणं बरोबर नाही.

आवाज किती? मी साध्या बोलण्याच्या आवाजात “आजी, पाय जड झाला का?” विचारलं तर ते ऐकू आलं पाहिजे, इतकाच. मॉनिटरवर नाडीची जी टिकटिक असते, ती माझ्यासाठी फार मोलाची आहे. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्या टिकटिकीचा सूर उतरतो. पडद्याकडे न बघताही तो उतरलेला सूर मला ऐकू आला पाहिजे, म्हणून खोलीत स्पीकर लावायचा असेल तर हळूच.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हे चालतं का?

चालतं, थोडी काळजी घेऊन. बहुतेक वेळा नुसते थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. पण चेहऱ्यावर कापड असतं, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतं. इथे डॉक्टर मधे मधे “खाली बघा”, “डोळा हलवू नका” असं सांगत असतात. म्हणून एकाच कानात किंवा खोलीत हळू आवाजात लावावं. आणि मान डोलवायची नाही! एका आजोबांनी आवडती तान आली तशी “वाहवा” म्हणून मान हलवली, आणि सर्जननं हात वेळीच मागे घेतला. तेव्हापासून डोळ्याच्या ऑपरेशनला मी जाणकार रसिकांना मैफिलीचं रेकॉर्डिंग न देता सपाट, संथ वाद्यसंगीत देते.

लहान मुलांचं काय?

मुलांना गाण्यापेक्षा ओळखीचं माणूस हवं असतं. शक्य तिथे आई किंवा बाबांना भूल चढेपर्यंत आत थांबू द्यावं. ते जमत नसेल तर फोनवर त्याचं आवडतं कार्टून किंवा आईच्या आवाजातलं अंगाईगीत. मूल मास्क लावून घेत नसेल तर मी त्याला गाण्यातच सांगते, “आता फुगा फुगवायचा हं.” नवीन, शांत, ‘मुलांसाठी चांगलं’ असं काही निवडू नका. रोज जेवताना जे बघतो, तेच लावा.

डॉक्टर स्वतःसाठी गाणी लावतात, त्याचा धोका नाही का?

रास्त प्रश्न. १९९४ साली अमेरिकेत शल्यचिकित्सकांवर प्रयोगशाळेत चाचणी झाली होती. स्वतः निवडलेलं संगीत लावल्यावर त्यांचं काम जास्त अचूक झालं आणि शरीरावरचा ताण उतरला. उलट इंग्लंडमध्ये २० ऑपरेशनांचं चित्रीकरण करून केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. संगीत चालू असताना एकच मागणी पुन्हा सांगावी लागण्याचं प्रमाण पाचपट होतं. म्हणजे सर्जनला जे सुखाचं, ते सिस्टरला ऐकायला अडचणीचं. माझं मत सरळ आहे: रुग्ण जागा असेल तर खोलीतलं गाणं रुग्णाचं. भूल देताना, भूल उतरवताना आणि काही अडचण आली तर पूर्ण शांतता. त्या वेळी “गाणं बंद करा” म्हणायचा अधिकार खोलीतल्या प्रत्येकाला असला पाहिजे, अगदी ओटीच्या मामांनाही.

गाणं कधी लावू नये?

रुग्ण नको म्हणाला, की नको. काही जणांना काय चाललंय ते ऐकत राहिल्यानंच धीर वाटतो, त्यांचे कान झाकले तर ते जास्त घाबरतात. कानाच्या ऑपरेशनला अर्थातच नाही. संगीतानं फिट येण्याचा एक आजार आहे, अतिशय दुर्मिळ, पण फिटचा त्रास असेल तर आधी बोला. आणि गाण्याला आठवणी चिकटलेल्या असतात. मुलानं हौसेनं आईची ‘आवडती’ गाणी भरून दिली होती. तिसरं गाणं लागलं आणि बाईंच्या डोळ्यांतून धार लागली. गेलेले यजमान ते गुणगुणत असत. आम्ही बंद केलं, मी त्यांच्याशी त्यांच्या परसातल्या झाडांबद्दल बोलत राहिले. मुलाची चूक नव्हती. पण यादी शक्यतो रुग्णानं स्वतः करावी, हे मी तेव्हा शिकले.

आमच्या हॉस्पिटलमध्ये अशी काही सोय नाही. सरकारी दवाखान्यात कोण लावून देणार?

सोय म्हणजे फार काही लागत नाही. एक फोन, एक हेडफोन आणि हो म्हणणारा भूलतज्ज्ञ. तपासणीच्या दिवशी, फिटनेसचे कागद घेऊन जाल तेव्हाच विचारा: “मला कमरेखालची भूल असेल तर कानात गाणं लावून देता येईल का?” त्या दिवशी विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात; ऐन दारात विचारलं तर गडबडीत नाही म्हणतात. ग्रामीण रुग्णालयात एका दिवशी रांगेनं नसबंदीची ऑपरेशनं असतात, तिथे प्रत्येकीला हेडफोन मिळणार नाही. पण बाकावर बसलेल्या बायकांसाठी बाहेरच्या खोलीत एक लहान स्पीकर हळू आवाजात लावता येतो. त्याला शासन निर्णय लागत नाही. मी हे एका शिबिरात करून पाहिलं. थोड्या वेळानं बाकावरची एकजण बरोबरीनं गुणगुणायला लागली, मग दुसरी.

आत नेऊ देत नसतील तर निदान बाहेर थांबायच्या वेळात तरी ऐका. भीती सगळ्यांत जास्त तिथेच असते.

आईला कमी ऐकू येतं. तिला याचा उपयोग नाही ना?

तिचं कानातलं मशीन काढून घेऊ नका, असं आधी सांगून ठेवा. कमरेखालची भूल असेल तर मशीन राहू देता येतं; पूर्ण भूल असेल तर झोप लागेपर्यंत ठेवून मग काढतात. मशीन असताना वरून कानावर बसणारा मोठा हेडफोन चालतो, आत घालायचा नाही. काढलेलं मशीन डबीत, डबी तिच्या फाईलसोबत, आणि जागं होताना कुणीही काही विचारायच्या आत ते परत कानात. नाहीतर आम्ही “आजी, डोळे उघडा” म्हणून ओरडत राहतो आणि त्यांना फक्त तोंडं हलताना दिसतात.

अजिबातच ऐकू येत नसेल, तर आम्ही तळहाताच्या खुणा आधी ठरवतो: एकदा दाबलं म्हणजे ठीक, दोनदा दाबलं म्हणजे काहीतरी होतंय. आणि मग एका जणानं ऑपरेशन संपेपर्यंत तो हात सोडायचा नाही.